अडलेली लघवी, वाढलेली ग्रंथी आणि बावीस महिने: नागपुरातील एक प्रकरण

तीन हिवाळ्यांपूर्वी, जानेवारीतल्या एका रात्री पावणेतीन वाजता, नंदनवन भागात राहणाऱ्या माझ्या एका जुन्या रुग्णाच्या मुलाचा फोन आला. वडिलांना संध्याकाळपासून लघवी झालेली नव्हती, ओटीपोट टणक होऊन वर आले होते, आणि त्यांना धड बसताही येत नव्हते की आडवेही होता येत नव्हते. मी त्यांना थेट धंतोलीतील रुग्णालयात न्यायला सांगितले आणि स्वतःही तिकडे गेले. नळी टाकल्यावर पिशवीत ९०० मिलिलिटर लघवी जमा झाली. एरवी चारशे-पाचशे मिलिलिटर साठले की माणसाला उठावेच लागते, यावरून त्या रात्रीच्या वेदनेची कल्पना यावी. नळीतून लघवी वाहू लागताच त्यांनी डोळे मिटले आणि पाच मिनिटांत ते झोपी गेले.

रुग्णाच्या संमतीने हे प्रकरण लिहीत आहे आणि त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना येथे काकाजी म्हणते. दवाखान्यातही मी त्यांना तसेच म्हणते. वय ६७, वीज मंडळातून निवृत्त, दहा वर्षांपासून रक्तदाब, चार वर्षांपासून सौम्य मधुमेह. दर दोन महिन्यांनी ते माझ्याकडे येत, रक्तदाब मोजून घेत, साखरेचा कागद दाखवत आणि जात. लघवीबद्दल त्यांनी कधी एक शब्द काढला नव्हता, आणि मीही विचारले नव्हते.

त्या रात्रीच्या तीन दिवस आधी ते सर्दी घेऊन माझ्याकडे आले होते. मी त्यांना क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली, दुकानोदुकानी मिळणारी गोळी दिवसातून तीनदा घ्यायला लिहून दिली. त्या शनिवारी ते नातेवाइकांसोबत काटोलकडे हुरड्याला गेले, उघड्यावर थंडीत बसले, येताना गाडीत दोन तास लघवी दाबून ठेवली, आणि घरी आल्यावर गोळी घेऊन झोपायला गेले. फेनिलेफ्रिनने मूत्राशयाच्या मानेतील आणि प्रोस्टेटमधील स्नायू आवळले जातात. क्लोरफेनिरामिनने मूत्राशयाची ढकलण्याची ताकद कमी होते. दार घट्ट झाले आणि ढकलणारा हात ढिला पडला, असे दोन्ही बाजूंनी एकाच वेळी झाले. थंडीने आणि गच्च भरलेल्या मूत्राशयाने उरलेले काम केले. ती गोळी मी लिहिली होती, आणि साठीपुढच्या पुरुषाला ती लिहिण्यापूर्वी एक प्रश्न विचारायला हवा होता, तो मी विचारला नाही. या प्रकरणाची सुरुवात तिथून आहे, म्हणून ते आधी सांगितले.

तो प्रश्न दुसऱ्या दिवशी विचारला. खरे तर सात प्रश्न विचारले. १९९२ साली अमेरिकेतील मूत्रविकारतज्ज्ञांच्या संघटनेने तयार केलेली आणि पुढे जगभर स्वीकारली गेलेली एक प्रश्नावली आहे: मूत्राशय पूर्ण रिकामे झाल्यासारखे वाटते का, दोन तासांच्या आत पुन्हा जावे लागते का, धार मध्येच थांबते का, लघवी आवरणे कठीण जाते का, धार बारीक झाली आहे का, कुंथावे लागते का, आणि रात्री किती वेळा उठावे लागते. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते पाच गुण, म्हणजे एकूण ३५. सातपर्यंत सौम्य, १९ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. काकाजींनी गेल्या महिन्याभराचा विचार करून उत्तरे दिली तेव्हा बेरीज २१ आली. मी त्यांना विचारले की हे आधी का सांगितले नाही. ते म्हणाले, “लघवीचं काय सांगायचं जी मॅडम, वयच झालं आता.” काकूंनी मात्र बाकीचे सांगितले. चार वर्षांपासून ते लग्नाला गेले की आधी संडास कुठे आहे ते पाहून ठेवत, अमरावतीला बसने जाणे त्यांनी सोडले होते, अंबाझरीला फिरायला जाणेही सोडले होते, आणि दुपारनंतर पाणी पीत नव्हते. माणूस आपले आयुष्य हळूहळू आखूड करत नेतो आणि त्यालाच वय म्हणतो. मी बाई असल्यामुळे त्यांचा संकोच अधिक होता, हेही खरे. पण तो ओलांडायची जबाबदारी माझी होती.

वय झाले हे त्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. तरुणपणी प्रोस्टेट ग्रंथी अक्रोडाएवढी, साधारण २० घनसेंटिमीटरची असते. ती मूत्राशयाच्या खाली असून मूत्रमार्ग तिच्या मधून जातो. चाळिशीनंतर मूत्रमार्गाला लागून असलेल्या तिच्या आतल्या भागात पेशींच्या गुठळ्या वाढू लागतात. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या, शवविच्छेदनांवर आधारलेल्या एका अभ्यासात तिशीच्या आतल्या कोणातही ही वाढ आढळली नाही, पन्नाशीतल्या सुमारे निम्म्या पुरुषांत आढळली, आणि ऐंशीपुढच्या ८० टक्क्यांहून अधिक पुरुषांत आढळली. ही वाढ कर्करोग नाही आणि तिचा कर्करोग होतही नाही. पण ग्रंथीचा आकार, लघवीला होणारा अडथळा आणि माणसाला होणारा त्रास या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठी ग्रंथी असूनही काहींना काही त्रास नसतो आणि जेमतेम वाढलेल्या ग्रंथीने काहींची लघवी अडते. सोनोग्राफीच्या अहवालातील आकडा पाहून घाबरणारे आणि तोच आकडा पाहून निश्चिंत होणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक माझ्याकडे येतात. आकारावरून आजाराची मोजदाद होत नाही, हे त्यांना पटवून देण्यात माझा बराच वेळ जातो आणि तो जायलाच हवा.

काकाजींची ग्रंथी ५८ घनसेंटिमीटरची निघाली. मूत्रपिंडे सुजलेली नव्हती आणि त्यांचे काम कसे चालले आहे ते दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन १.१ होते, ही मोठी दिलाशाची गोष्ट होती. मुलाने त्याच दिवशी पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका पाहण्यासाठी करतात त्या रक्ततपासणीचा आग्रह धरला, पण लघवी तुंबल्यावर आणि नळी टाकल्यावर पीएसए खोटे वाढलेले दिसते, त्यामुळे ती सहा आठवड्यांनी केली. तेव्हा ते ३.४ आले आणि बोटाने केलेल्या तपासणीत ग्रंथी मऊ, गुळगुळीत लागली.

नळी असतानाच टॅमसुलोसिन हे मूत्राशयाच्या मानेतील आणि प्रोस्टेटमधील स्नायू सैल करणारे औषध ०.४ मिलिग्रॅम रोज सुरू केले आणि तिसऱ्या दिवशी नळी काढली. याला आधार आहे. अल्फुझोसिन या त्याच गटातील औषधाचा ३६० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात नळी काढल्यावर स्वतःहून लघवी होऊ शकलेल्यांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत सुमारे ६२ टक्के आणि औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत सुमारे ४८ टक्के होते. म्हणजे काहीही न देता जवळजवळ निम्म्यांना लघवी होते आणि औषधाने त्यात भर पडते. काकाजींना झाली. पण धारेचा कमाल वेग सेकंदाला आठ मिलिलिटरच होता आणि लघवीनंतर मूत्राशयात १४० मिलिलिटर उरत होती. दहाच्या खालचा वेग अडथळ्याकडे बोट दाखवतो.

पुढे काय करायचे यावर त्यांच्या घरी, बैठकीच्या खोलीत, मुलगा, सून, काकू आणि काकाजी यांच्यासमोर जवळजवळ दीड तास बोलणे झाले. मुलाने इंटरनेटवर वाचून ठेवले होते की दोन औषधे एकत्र घेतली तर आजार वाढण्याचा धोका ६६ टक्क्यांनी कमी होतो. आकडा खरा आहे. तो २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, ३०४७ पुरुषांना सरासरी साडेचार वर्षे पाहणाऱ्या अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासातला आहे. पण ‘६६ टक्के’ ऐकून मनात जे चित्र उभे राहते ते चुकीचे असते, म्हणून मी तेच आकडे १०० माणसांत मांडून दाखवले. खोटी गोळी घेणाऱ्या १०० पुरुषांपैकी चार वर्षांत १७ जणांचा आजार पुढे गेला. केवळ डॉक्साझोसिन किंवा केवळ फिनास्टेराइड घेणाऱ्यांत दहा-दहा जणांचा गेला, आणि दोन्ही घेणाऱ्यांत पाच जणांचा. म्हणजे दोन औषधांनी शंभरातले बारा वाचले आणि ८३ जणांचा आजार औषधाशिवायही पुढे गेला नसता. शिवाय ‘पुढे जाणे’ याचा अर्थ त्या अभ्यासात प्रामुख्याने प्रश्नावलीतील गुण चारने वाढणे असा होता. लघवी पूर्ण अडणे हा त्यातील लहान भाग होता.

त्याच अभ्यासातील एक गोष्ट मला या घरासाठी सर्वांत महत्त्वाची वाटत होती. डॉक्साझोसिनने, म्हणजे टॅमसुलोसिनच्याच गटातील औषधाने, तक्रारी लवकर कमी झाल्या, पण दीर्घकाळात लघवी अडण्याचा किंवा शस्त्रक्रिया लागण्याचा धोका कमी झाला नाही. तो फिनास्टेराइडने आणि दोन्ही औषधे एकत्र देऊन कमी झाला. कारण सरळ आहे. पहिल्या गटातील औषध स्नायू सैल करते, पण ग्रंथी वाढतच राहते. दुसऱ्या गटातील औषध ग्रंथी आकसते, मात्र त्याला सहा महिने तरी द्यावे लागतात. फिनास्टेराइडचाच १९९८ साली प्रसिद्ध झालेला आणखी एक अभ्यास आहे: ३०४० पुरुष, चार वर्षे. त्यात खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी सात टक्क्यांची लघवी अडली आणि औषध घेणाऱ्यांपैकी तीन टक्क्यांची. काकाजींची लघवी एकदा अडली होती, ग्रंथी मोठी होती आणि वय साठीपुढचे होते. त्यांचा धोका या अभ्यासांतील सरासरी माणसापेक्षा जास्त होता, म्हणून त्यांच्या बाबतीत दुसऱ्या औषधाचा फायदाही जास्त अपेक्षित होता. फिनास्टेराइडच्याच गटातील डुटास्टेराइड जोडायचे ठरले.

या औषधांचा शोध कसा लागला ते काकाजींनी विचारले, आणि मला ते सांगायला आवडते. डोमिनिकन रिपब्लिकमधील एका खेड्यात काही मुले जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात आल्यावर त्यांच्यात पुरुषाची लक्षणे प्रकट होत. १९७४ साली संशोधकांनी दाखवले की टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये रूपांतर करणारे विकर या मुलांत कमी असते. मोठेपणी या पुरुषांची प्रोस्टेट लहानच राहत असे. ते विकर औषधाने अडवले तर म्हातारपणी ग्रंथी वाढणार नाही, या विचारातून फिनास्टेराइड आले आणि १९९२ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. दूरच्या एका बेटावरील मुलांकडे कोणी नीट लक्ष दिले, आणि त्यातून नंदनवनातील काकाजींची गोळी तयार झाली.

सून तेव्हा चार महिन्यांची गरोदर होती आणि घरातील सगळ्यांच्या औषधांचे डबे तीच भरत असे. डुटास्टेराइड त्वचेतून शोषले जाते आणि पोटातील मुलाच्या जननेंद्रियांच्या वाढीवर त्याचा परिणाम होऊ शकतो, म्हणून फुटलेल्या कॅप्सूलला तिने हात लावू नये हे मी स्पष्ट सांगितले. त्या दिवसापासून काकाजी आपला डबा स्वतः भरू लागले.

अमेरिकेतल्या भाच्याने सॉ पामेटो या ताडवर्गीय झुडपाच्या फळांच्या अर्काच्या कॅप्सूल पाठवल्या होत्या. त्यावर दोन चांगले अभ्यास झाले आहेत: २००६ साली २२५ पुरुषांवर, आणि २०११ साली ३६९ पुरुषांवर, त्यात नेहमीच्या तिप्पट मात्रेपर्यंत. दोन्हींत तो अर्क खोट्या गोळीपेक्षा सरस ठरला नाही. त्या बाटल्या बाजूला ठेवायला सांगितल्या.

मार्चमध्ये त्यांच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरलेली होती. टॅमसुलोसिन घेणाऱ्यांच्या बुबुळातील पडदा शस्त्रक्रियेच्या वेळी ढिला पडून फडफडतो आणि बाहुली आकुंचन पावते, हे २००५ मध्ये प्रथम नोंदवले गेले. नेत्रतज्ज्ञाला आधी माहीत असेल तर तो तयारीने उतरतो. माहीत नसेल तर गुंतागुंत वाढते. लघवीचे औषध आणि डोळ्याची शस्त्रक्रिया यांचा संबंध रुग्णाला सुचणे शक्य नाही, त्यामुळे मी चिठ्ठी लिहून दिली आणि फोनही केला. शस्त्रक्रिया सुरळीत झाली.

सहा महिन्यांनी गुण २१ वरून १३ वर आले. धार सुधारली, कुंथणे थांबले. पण रात्री चार वेळा उठणे काही कमी होईना, आणि काकाजींना सर्वांत जास्त त्रास त्याचाच होता. येथे औषध वाढवण्याचा मोह होतो. मी त्याऐवजी त्यांना तीन दिवस प्रत्येक लघवीची वेळ आणि माप लिहायला सांगितले. वीज मंडळात आयुष्यभर मीटरचे आकडे लिहिलेला माणूस. त्याने रकाने आखून, मिनिटांसह नोंदी केल्या. चोवीस तासांत सरासरी २१०० मिलिलिटर लघवी होत होती आणि त्यातील ९०० मिलिलिटर रात्री, पहाटेची पहिली लघवी धरून. या वयात रात्रीचा वाटा एक तृतीयांशाच्या आत असावा. त्यांचा ४३ टक्के होता. प्रत्येक वेळी साधारण १८० मिलिलिटर होत होती, म्हणजे मूत्राशय लहानसहान साठ्यानेच त्यांना उठवत होते असेही नव्हते. मूत्रपिंडे रात्री जास्त लघवी बनवत होती आणि प्रोस्टेटचा त्यात फारसा दोष नव्हता.

मग कारणे सापडत गेली. रक्तदाबासाठीच्या ॲम्लोडिपिनने संध्याकाळी पायांना सूज येत होती, आणि आडवे झाल्यावर ते पाणी रक्तात परत येऊन लघवीवाटे बाहेर पडत होते. लघवी वाढवणारी रक्तदाबाची दुसरी गोळी ते रात्री जेवणानंतर घेत होते, कारण कधीतरी कोणीतरी तसे सांगितले होते. दिवसभर पाणी टाळून संध्याकाळी ते तांब्याभर पीत होते. ॲम्लोडिपिन बदलले, दुसरी गोळी सकाळी आणली, पाणी दिवसा प्यायला सांगितले आणि दुपारी तासभर पाय उंच ठेवून पडायला सांगितले. पाच आठवड्यांत रात्रीच्या खेपा चारावरून दोनावर आल्या. एकही नवे औषध न जोडता हे झाले, आणि या संपूर्ण प्रकरणात मला सर्वाधिक समाधान देणारा भाग हाच आहे.

एक तक्रार त्यांनी सांगितली नाही. ती मी विचारली. पहिल्या अनुभवातून एवढे शिकले होते. वीर्य बाहेर येत नाही आणि इच्छाही कमी झाली आहे, असे त्यांनी भिंतीकडे पाहत सांगितले. पहिले टॅमसुलोसिनने होऊ शकते, दुसरे डुटास्टेराइडने, आणि हे शरीर बिघडल्याचे लक्षण नाही, एवढे ऐकूनच त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. आपल्याला कर्करोग झाला आहे आणि मुलगा तो लपवत आहे, असे त्यांनी मनात धरले होते. औषधे चालू ठेवायची की नाही हे त्यांनी काकूंशी बोलून ठरवावे असे मी सुचवले. त्यांनी चालू ठेवली.

वर्षाने पीएसए १.६ आले. मुलाने आनंदाने फोन केला की निम्म्यावर आले. डुटास्टेराइडने ते निम्मे होतेच, म्हणून या औषधावर असलेल्या माणसाचा आकडा दुप्पट करून वाचायचा असतो. तसे वाचले तर ३.२, म्हणजे जवळजवळ जैसे थे. खाली आलेला आकडा पुन्हा चढू लागला, मग तो दोनच का असेना, तर तपास करावा लागतो. हे न कळल्यामुळे कर्करोगाचे निदान लांबण्याचा धोका खरा आहे. मी ते त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले.

दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात त्यांना लघवीचा जंतुसंसर्ग झाला आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा झाला. लघवीनंतर उरणारे प्रमाण २६० मिलिलिटर झाले होते आणि धारेचा वेग सहावर आला होता. गुण तेव्हाही १४ होते, म्हणजे त्रास फारसा वाढलेला नव्हता; अडथळा वाढला होता. या दोन गोष्टी वेगळ्या असतात असे वर म्हटले आहे, त्याचे हे प्रत्यक्ष रूप. साचून राहिलेल्या लघवीत वारंवार जंतुसंसर्ग होणे हे शस्त्रक्रियेचे कारण आहे, आणि मूत्राशयाचा स्नायू थकण्यापूर्वी ती झालेली बरी.

काकाजींना भीती होती ती लघवीवरचा ताबा जाण्याची आणि पुरुषत्व जाण्याची. मी त्यांना १९९५ साली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाबद्दल सांगितले. मध्यम तक्रारी असलेल्या ५५६ पुरुषांपैकी निम्म्यांची, ग्रंथीचा वाढलेला भाग मूत्रमार्गातून काढण्याची शस्त्रक्रिया केली आणि निम्म्यांना केवळ लक्ष ठेवून पाहिले. तीन वर्षांत ताबा जाणे किंवा लैंगिक ताठरता जाणे यांचे प्रमाण शस्त्रक्रिया झालेल्यांत अधिक आढळले नाही. नुसते लक्ष ठेवलेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोकांनी या तीन वर्षांत शस्त्रक्रिया करून घेतली. वीर्य मात्र शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांत मूत्राशयाकडे उलटे जाते, हेही सांगितले. काकाजी म्हणाले की त्याची सवय आता गोळीनेच झाली आहे.

पहिल्या रात्रीनंतर बावीस महिन्यांनी शस्त्रक्रिया झाली. पूर्वी या शस्त्रक्रियेत आतली जागा धुण्यासाठी ग्लायसिनचे द्रावण वापरत, ते रक्तात शिरून सोडियम घसरण्याचा धोका असे. आता दोन ध्रुवांच्या विजेवर आणि साध्या सलाइनमध्ये काम होते, त्यामुळे तो धोका जवळजवळ उरलेला नाही. दुसऱ्या दिवशी नळी निघाली. काढलेल्या ऊतीचा अहवाल साध्या वाढीचा आला. तीन महिन्यांनी गुण ५, धारेचा वेग १८, उरणारी लघवी ३० मिलिलिटर. रात्री ते अजूनही एकदा उठतात आणि पाय सुजलेल्या दिवशी दोनदा. ती वही त्यांनी बंद केलेली नाही.

टॅमसुलोसिन आणि डुटास्टेराइड दोन्ही थांबवले आहेत. या उन्हाळ्याआधी त्यांच्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची तारीख ठरली, तेव्हा मुलाने विचारले की आता गोळी बंद आहे, तर नेत्रतज्ज्ञाला काही सांगण्याची गरज आहे का. गरज आहे. टॅमसुलोसिन बंद केल्यानंतरही बुबुळाचा पडदा ढिला राहू शकतो. पूर्वीसारखीच चिठ्ठी लिहिली, औषध किती महिने घेतले आणि कधी थांबवले ते नमूद केले, आणि काकाजींनी ती घडी घालून वहीच्या पहिल्या पानात ठेवली.